प्रश्न आमच्या कानाचा आहे



हल्ली गावोगाव एक आरोळी उठली आहे. ख्रिस्ती शिकवण परकी, ती गरिबाला फितवते, आणि ज्या देशात अनेक धर्म नांदतात त्या देशात तिने आपल्या चार भिंतींत तोंड मिटून बसावे! ही आरोळी ठोकणारे दोन तऱ्हेचे लोक आहेत. एक, धर्माचा मक्ता वंशपरंपरेने आपल्याच घराण्याकडे आला आहे असे मानणारे. दुसरे, शहरातले शिकलेले सभ्य गृहस्थ, ज्यांना कोणत्याही धर्माचा बोल चारचौघांत ऐकू आला की कपाळाला आठ्या पडतात. पहिल्याच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात पुस्तक. पण दोघांचे सांगणे एकच, की तुम्ही बोलू नका आणि ह्यांनी ऐकू नये.

आम्ही ख्रिस्ती नाही. पाद्र्याच्या घरचे मीठ आम्ही खाल्लेले नाही, की त्याच्या शाळेचा पगार घेतलेला नाही. खेड्यातल्या पोरांना बाराखडी, पाढे आणि जमाखर्च शिकवणारे आम्ही मास्तर. पण सत्यशोधकांच्या वळणात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. माल कोणाच्या दुकानचा हे तो मागून विचारतो, आधी तो तागडीत घालून पाहतो. म्हणून आज ही शिकवण तुमच्यापुढे तागडीत घालतो. तुम्ही वजन पाहा.

शिकवण आहे तरी काय?

ही शिकवण देणारा माणूस सुताराच्या घरातला. रंधा आणि पटाशी ज्या घरात चालते त्या घरात तो वाढला. त्याचे पहिले सोबती जाळी फेकणारे कोळी. ती शिकवण पुढे देशोदेशी नेणारा पौल तंबू बनवून पोट भरी. पोथी वाचणाऱ्याने नांगर धरू नये आणि नांगर धरणाऱ्याने पोथीला शिवू नये, अशी वाटणी जेथे शेकडो वर्षे चालली, तेथल्या सुताराने, कोळ्याने आणि शिंप्याने एवढी गोष्ट तरी ध्यानात घ्यावी.

त्याने सांगितलेली मळेवाल्याची गोष्ट ऐका. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दिवसाची मजुरी ठरवतो. पुन्हा दिवस वर आल्यावर चौकात जातो, दुपारी जातो, दिवस मावळायला घटकाभर उरला असतानाही जातो. तेव्हाही तेथे माणसे उभी. तो विचारतो, दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हांस कोणी बोलावलेच नाही. धनी त्यांनाही कामावर घेतो, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. धनी म्हणतो, तुमचे ठरलेले तुम्हांस पुरते दिले, मग दुसऱ्याचे पोट भरले तर तुमच्या डोळ्यांत का सलते?

शहाण्या अर्थशास्त्र्याला हा हिशेब चुकलेला वाटेल. पण तालुक्याच्या मजूरनाक्यावर सकाळी सहापासून उभा राहून, अकरा वाजता फडक्यातली भाकरी तशीच घेऊन घरी परतलेल्या माणसाला विचारा. त्याला कोणी बोलावले नाही हा त्याचा गुन्हा काय? त्याच्या घरची चूल त्या दिवशी अर्धीच पेटवायची काय? मजुरीचे माप घामाबरोबर पोटानेही घ्यावे, हे ह्या सुताराच्या पोराने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितले.

दुसरी गोष्ट वाटसरूची. यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी झोडपून अर्धमेला टाकला. वाटेने देवळाचा पुजारी आला, पाहिले आणि पलीकडून निघून गेला. देवळाचाच दुसरा सेवेकरी आला, तोही तसाच गेला. मग शोमरोनी आला. शोमरोनी म्हणजे कोण? ज्याच्या हातचे त्या काळचे सोवळे लोक पाणी घेत नसत असा. त्याने जखमा धुतल्या, तेल घालून पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेले, आणि त्याच्या खर्चाचे पैसे पदरचे देऊन गेला. आता सांगा, त्या पडलेल्याचा शेजारी कोण?

येशू स्वतः यहुदी होता. त्याने दुसऱ्यांच्या पुजाऱ्यांना शिव्या दिल्या नाहीत. आपल्याच लोकांत, आपल्याच एका धर्मशास्त्र्यासमोर त्याने हा प्रश्न टाकला. विटाळाचे शास्त्र माणुसकीच्या आड आले तर शास्त्र बाजूला सारावे असे त्याचे म्हणणे. पवित्र विश्रांतीच्या दिवशी त्याच्या भुकेल्या सोबत्यांनी शेतातली कणसे खुडून खाल्ली, तेव्हा धर्ममार्तंड धावून आले. त्याने त्यांस ऐकवले की सणवार माणसासाठी केले आहेत, माणूस सणवारासाठी जन्माला घातलेला नाही. कर्ज काढून बारसे, कर्ज काढून लग्न, कर्ज काढून तेरावे, आणि शेवटी सावकाराच्या दारी सातबारा, अशी ज्या घरांची गत झाली त्या घरांना हे परके वाटेल काय?

हीच ती शिकवण. गरिबाची भूक हाच धन्याच्या धर्माचा हिशेब, पडलेल्याला जो उचलेल तो आपला, बाईवर दगड उचलणाऱ्याने आधी आपली झोळी तपासावी, आणि वैऱ्याचेही वाईट चिंतू नये. आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप : ती परकी आहे

ठीक. मग आजपासून ठेच्यातली मिरची टाका! मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगिजांच्या गलबतातून आली. बटाटाही तिकडचाच. आमच्या बायांनी मिरचीला तिचे गोत्र विचारले नाही, पाट्यावर वाटून पाहिली. जे अन्नाचे तेच विचाराचे.

आणि परकी म्हणायची तरी कशी? येशू जन्मला आशियात. युरोपातले कित्येक देश झाडाझुडपांना पुजत होते त्या काळी केरळात ख्रिस्ती मंडळी नांदत होती. आमच्या भाषेपुरते बोलायचे तर फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, पण गोव्यात राहून त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. ज्या काळी आमचे पंडित देशी भाषेला नाक मुरडत होते, त्या काळचे हे काम. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंगांत येशूला आळवले, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’इतके निर्मळ मराठी गद्य शोधायला कष्ट पडतील. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा ह्या बाईने त्याच्यामागे उडी घेतली नाही. ती आकांत करून वेगळी राहिली, काही वर्षांनी त्याच्याकडे परतली, आणि मग आपल्या बुद्धीने एकेक सोवळे उतरवीत तिने आपला निर्णय आपण केला. तिला कोणी फितवले म्हणायची आहे का कोणाची छाती?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आमच्या शत्रूंनीही डोळे उघडून वाचावे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. बापाने रूढी मोडून तिला संस्कृत शिकवले. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली तिला ‘सरस्वती’ म्हटले. पुढे लग्न केले ते जातीबाहेर, आणि दोन वर्षांत विधवा झाली. १८८३ साली इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला. कशाने? तिनेच लिहून ठेवले आहे. तेथे ख्रिस्ती जोगिणींनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायांसाठी चालवलेले घर तिने पाहिले. बाईचे पाऊल घसरले तर तिला हाकलायचे, हेच तिने जन्मभर ऐकलेले. येथे मात्र अशा बाईला हात धरून उठवीत होते. हे कोठून आले असे तिने विचारले, तेव्हा तिला विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. जातीने हलकी, संसाराने मोडलेली, तरी येशूने तिच्या हातचे पाणी मागितले आणि तिच्याशी धर्माची चर्चा केली. सगळी शास्त्रे मुखोद्गत असलेल्या ह्या पंडितेला स्त्री आणि शूद्र ह्यांना कमी लेखण्यात त्या शास्त्रांचे एकमत दिसले होते.

पण पुढचे ऐका. बाप्तिस्मा देणाऱ्या गोऱ्या गुरूंनी आता आमचे मत मुकाट्याने मान्य कर असा आग्रह धरला, तेव्हा रमाबाईने त्यांनाही बजावले की एका पुरोहितशाहीतून मी सुटले ती दुसरीच्या गळी पडण्यासाठी नव्हे. शिकवण घेतली, जू घेतले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी विधवा व पोरी तिने केडगावास आणल्या. तेथे त्यांनी शेती केली, माग चालवले, तेल गाळले, छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाईने साध्या मराठीत बायबल उतरवले, ते ह्याच बायांनी छापले. बाई १९२२ साली गेली, केडगावचे ‘मुक्ती’ आजही उभे आहे. परकेपणा ह्यात कोठे आहे ते दाखवा. आम्हांस तर परकी वाटते ती अशा पोरींना दुष्काळात वाऱ्यावर सोडणारी स्वकीयांची दया!

अगदी काल-परवाचे घ्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, आणि २०२० च्या जानेवारीत धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद, येथे संमेलन भरले. त्याआधी काय गदारोळ! पाद्री आणि मराठीचा अध्यक्ष? ज्या माणसाने ‘सुबोध बायबल’ लिहून मराठी भाषा समृद्ध केली, त्याबद्दल साहित्य अकादमीचा मान मिळवला, हरित वसईच्या चळवळीत बागायतदाराची जमीन आणि विहिरीचे पाणी वाचवायला बिल्डरांच्या वाटेत जो उभा राहिला, तो परका! आणि बागा उठवून सिमेंट ओतणारे ते मात्र स्वकीय! दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. त्यांच्या मराठीला नावे ठेवणाऱ्यांपैकी कितींनी वसईच्या पानमळ्यासाठी एक दिवस तरी उन्हात काढला, ते आधी सांगावे.

दुसरा आक्षेप : ती गरिबाला फितवते

म्हणजे पोतेभर तांदूळ देऊन बाटवते! ह्या आरोपात गरिबाचा केवढा अपमान आहे पाहा. जणू गरिबाला पोट तेवढे आहे, डोके नाही. आणि क्षणभर धरून चालू की कोणी पोतेभर तांदळाला देव बदलतो, तर मग त्याला इतका उपाशी ठेवला कोणी? पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडून खळ्यावरचे दाणे नेणाऱ्यांनी त्यातली मूठभर परत केली असती, तर पाद्र्याचे पोते कोण पाहता?

आता आकडे बोलू द्या. १९५१ च्या खानेसुमारीत ह्या देशात ख्रिस्ती लोक शंभरात सुमारे २.३ होते. साठ वर्षांनी, २०११ च्या खानेसुमारीतही ते तितकेच, २.३. महाराष्ट्रात तर शंभरात पुरता एकही नाही. साठ वर्षे पोती वाटून तागडी जागची हलली नाही, असा हा कोणता व्यापार?

कोणी म्हणेल, ते धर्म बदलतात आणि लपवतात. असेल. पण लपवतात का? अनुसूचित जातीच्या सवलतींचा १९५० चा सरकारी हुकूम पाहा. आरंभी त्या सवलती फक्त हिंदू म्हणवणाऱ्या दलितास होत्या. १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस दार उघडले. ख्रिस्ती वा मुसलमान झालेल्याला मात्र दार लावले. म्हणजे पोते कोणत्या पारड्यात आहे? धर्म बदलू नये म्हणून ज्याच्या हातची सवलत काढून घेतली जाते, त्यालाच आमिषाला भुललेला म्हणायचे! आमिष बदलण्याला नाही, न बदलण्याला बांधले आहे.

जबरदस्ती व फसवणूक ह्यांची बाजू आम्ही घेणार नाही. जो पाद्री रोग्याला औषध देताना आधी प्रार्थना वदवून घेतो, किंवा दुसऱ्याच्या देवाला सैतान म्हणून शेजाऱ्यांत भांडण लावतो, त्याने आपल्याच गुरूची पोथी वाचलेली नाही. शोमरोन्याने जखमीला पट्टी बांधताना त्याचा धर्म विचारला नव्हता.

तिसरा आक्षेप : ती गुलाम बनवते

हा आक्षेप आमच्याच छावणीतले तरुण घेतात, म्हणून ह्याला आम्ही अधिक मान देतो. ते म्हणतात, एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा हे सांगणे मालकाच्या सोयीचे. आमच्या बापजाद्यांनी दोन्ही गाल पुढे करूनच तर हा जन्म काढला!

बाबांनो, भिऊन पुढे केलेला गाल वेगळा आणि ताठ उभे राहून पुढे केलेला वेगळा. ज्याने हे सांगितले त्याच माणसाने देवळाच्या आवारात शिरून सराफांचे चौरंग उलथून टाकले आणि देवाच्या नावावर चाललेला बाजार उठवला. तो कोणापुढे वाकला नाही म्हणूनच तर त्याला खांबाला ठोकला. अमेरिकेत माँटगोमेरी गावी १९५५ च्या डिसेंबरापासून काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसगाड्यांवर बहिष्कार टाकला, पायी चालले, आणि गाडीत वेगळे बसवण्याची चाल मोडली. त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हा पाद्री होता आणि त्याचे हत्यार हीच शिकवण होती. खरे आहे, त्याच अमेरिकेत तीच पोथी हातात घेऊन गुलामांचे मालक गुलामगिरीचे समर्थन करीत. पोथीचा असा दुरुपयोग झाला हे आम्ही झाकत नाही. पण त्या गुलामीविरुद्ध जे लढले त्यांच्या गौरवार्थ जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हेही आमच्या तरुणांनी विसरू नये.

आणि क्षमा म्हणजे काय ते ओरिसात पाहा. ग्रॅहॅम स्टेन्स हा ऑस्ट्रेलियाचा माणूस १९६५ पासून बारीपदा येथे महारोग्यांची सेवा करी. १९९९ च्या जानेवारीत, २२ तारखेच्या रात्री, मनोहरपूर गावी तो आपल्या दोन मुलांसह गाडीत झोपला होता. थोरला फिलिप दहा वर्षांचा, धाकटा टिमोथी सहा वर्षांचा. जमावाने गाडी पेटवली आणि तिघे जळून मेले. मागे राहिली बायको ग्लॅडिस आणि एक मुलगी. त्या बाईने काय केले? मारेकऱ्यांबद्दल माझ्या मनात द्वेष नाही, मी क्षमा केली, असे तिने जगाला सांगितले आणि ती तेथेच राहिली. त्याच महारोग्यांच्या जखमा ती आणखी पाच वर्षे पुशीत राहिली. २००५ साली सरकारने तिला पद्मश्री दिली.

ही क्षमा दुबळेपणाची काय? तिने कोर्टाचे काम अडवले नाही. खटला चालला, मुख्य आरोपीला खालच्या कोर्टाने फाशी सांगितली, हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली, आणि २०११ साली सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. न्याय सरकारने केला, क्षमा तिने केली. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, हेच तर अनेक धर्मांच्या समाजात राहण्याचे पहिले शिक्षण. जेथे एका खुनाचा सूड दहा घरांवर उगवला जातो, तेथे ह्या बाईची शिकवण टाकाऊ म्हणणाऱ्याने तिच्यापेक्षा बरे काही करून दाखवावे.

चौथा आक्षेप : धर्माने घरात बसावे

आता सभ्य गृहस्थांकडे वळू. ते म्हणतात, अनेक धर्मांच्या समाजात शांतता हवी तर कोणीच आपली नीती चारचौघांत बोलू नये. ऐकायला गोड. पण मुक्याने बसण्याला आम्ही एकोपा म्हणत नाही, ती स्मशानाची शांतता.

अनेक मतांचा समाज आठवडी बाजारासारखा असावा. प्रत्येकाने आपला माल उघड्यावर मांडावा, मोकळ्या गळ्याने ओरडून सांगावा. गिऱ्हाइकाने हातात घेऊन, नख लावून, घासाघीस करून पाहावा आणि घ्यावा वा सोडावा. बाजाराचे नियम तीनच. माप खोटे नको, गिऱ्हाइकाचा हात पिरगाळायचा नाही, आणि शेजारच्याची पाटी लाथाडायची नाही. जो म्हणतो की शांततेसाठी बाजारच बंद करा, त्याचे स्वतःचे वखार भरलेले असते, हे कुणब्याने ओळखून असावे. सगळ्यांनी गप्प बसायचे ठरले की जुने जे चालू आहे तेच चालू राहते. जातीची नीती बोलावी लागत नाही, ती पाणवठ्यावर, पंगतीत आणि सोयरिकीत न बोलताच चालते. तिच्याविरुद्ध मात्र बोलावेच लागते. म्हणून गप्प बसण्याचा नियम दिसायला सर्वांना सारखा, पण फायदा एकाचाच.

ख्रिस्ती लोकांस आमचे सांगणे एवढेच की ह्या बाजारात तुम्ही इतरांसारखेच एक. तुमची नीती कायद्याच्या दंडुक्याने कोणाच्या गळी उतरवू नका. ती पटवून द्या, जगून दाखवा. आणि जगून दाखवायचे तर आधी आपले घर झाडा. गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत धर्मन्यायसभेने काय केले ते लोक विसरलेले नाहीत. चर्चमध्येसुद्धा जातीचे बाक आणि जातीची कबरस्ताने राहिली आणि दलित ख्रिस्ती चर्चच्या आतही दलितच राहिला, ह्याबद्दल बाबासाहेब आंबेडकरांनी तुम्हांस खडसावले होते. परदेशांत पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार वर्षानुवर्षे झाकले गेले. हे सर्व आम्ही कोणत्या मापाने मोजतो? तुमच्याच गुरूच्या मापाने. शिकवण खोटी असती तर तिच्या मापाने तिचेच पुजारी उघडे पडले नसते. आमचे भांडण जसे कोणाच्या जन्माशी नाही, जन्माच्या ताठ्याशी आहे, तसेच ते झग्याशी नाही, झग्याआड लपवलेल्या पापाशी आहे.

मुद्दा आमचा

आता खरी गोष्ट. आतापर्यंत सगळे पाद्र्याच्या तोंडाविषयी बोलले. त्याने बोलावे की नाही, किती बोलावे, कोठे बोलावे. आमच्या कानाविषयी कोणी बोलतच नाही!

वाचकहो, ह्या देशात आमच्या कानाचा इतिहास आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात शिसे ओतावे असे गौतमाच्या धर्मसूत्रात लिहिलेले आहे. तेव्हा ज्ञान आमच्यापासून राखायचे होते. आज म्हणतात की आम्हांला ज्ञानापासून राखायचे आहे. शिसे गेले, काळजी आली. पण कान बंद तो बंदच.

‘धर्मस्वातंत्र्य’ असे गोंडस नाव घेऊन जे कायदे झाले ते उघडून पाहा. ओरिसात १९६७ साली असा कायदा झाला. त्यात अज्ञान मुलाला, बाईला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अवैध मार्गाने धर्मांतरित केल्यास शिक्षा जास्त. पुढे इतर राज्यांनी हाच कित्ता गिरवला. वरवर पाहता दुबळ्याची काळजी. पण ओळ पुन्हा वाचा. अज्ञान मूल, बाई, दलित, आदिवासी! पन्नाशीची शिकलेली बाई आणि सात वर्षांचे पोर एका रांगेत. जणू विचार करण्याची अक्कल देवाने उरलेल्यांनाच वाटली. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, आणि मग पोलिसांनी त्याच्या मनाची चौकशी करायची. आधीच्या धर्मात परत जाणाऱ्याला मात्र हा काच नाही, ते धर्मांतरच धरायचे नाही. दाराला कडी फक्त आतून बाहेर जाणाऱ्यासाठी, ह्याला दार म्हणत नाहीत, कोंडवाडा म्हणतात.

घटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचा व प्रसाराचा हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य ह्यांची मर्यादा त्याला आहे, आणि ती योग्यच. १९७७ साली सुप्रीम कोर्ट म्हणाले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. आमचे म्हणणे असे की ठीक आहे, दुसऱ्याला बदलण्याचा हक्क कोणालाच नको. पण ऐकून, पारखून, स्वतः बदलण्याचा हक्क ज्याचा त्याला पाहिजे. आणि ऐकल्यावर न बदलण्याचाही! बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास सांगितले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. मग वीस वर्षांहून अधिक काळ सगळे धर्म वाचले, ऐकले, तोलले, आणि १९५६ साली नागपुरास बुद्धाचा मार्ग धरला. त्यांना ख्रिस्ती शिकवण कोणी ऐकवली म्हणून ते ख्रिस्ती झाले नाहीत. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पाद्र्यांशी त्यांची मैत्री होती, रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू त्यांनी उघड घेतली, पण ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. ऐकणे म्हणजे बाटणे नव्हे, हे ह्या दोघांच्या चरित्रांवरून उघड आहे. ज्याचा माल खरा त्याला दुसऱ्याच्या दुकानाची भीती नसते.

जोतीरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मागे, १८९१ साली, छापले गेले. त्यात त्यांनी एका घराचे चित्र काढले आहे. घरची बाई बौद्ध ग्रंथ वाचून हवे तर बौद्ध व्हावी, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती व्हावा, मुलगी कुराण वाचून मुसलमान व्हावी, मुलगा सत्यधर्मी व्हावा, आणि चौघांनी एका छपराखाली, एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने नांदावे. सव्वाशे वर्षांहून जुने हे चित्र. आजच्या विद्यापीठांतले पंडित अनेकधर्मी समाजावर मोठमोठे ग्रंथ लिहितात. ह्या माळ्याच्या पोराने ते एका घरात बसवून दाखवले, तेही अर्धांगाने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहून.

तेव्हा बंधुभगिनींनो, उद्या कोणी तुमच्या दारी येईल आणि म्हणेल की अमक्या घरात येशूची प्रार्थना चालते, त्याचे पाणी तोडा, त्याला कामावर घेऊ नका, त्याची खळ्यावरची पाळी बंद करा. तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. ह्या घराने कोणाला मारले काय? कोणाला फसवले काय? आणि ते आजवर उपाशी होते तेव्हा तू कोठे होतास? पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर पोलिसपाटलाकडे जा, कायदा आहे. नकारार्थी असेल तर त्या माणसाला तुमच्या ओट्यावरून खाली उतरवा आणि शेजाऱ्याच्या घागरीत पाणी घाला.

आणि आपल्या पोरांना सगळे ऐकवा. तुकोबा ऐकवा, बुद्ध ऐकवा, महंमद पैगंबर ऐकवा, आणि त्या सुताराच्या मुलाचा द्राक्षमळाही ऐकवा. ऐकून पोर बिघडत नाही. ज्याला एकच एक ऐकवले जाते ते पोर बिघडते, कारण त्याला तोलता येत नाही. तागडी तुमच्या हातात राहू द्या. कानात पुन्हा कोणी शिसे ओतायला आला, मग तो झारीत आणो की कायद्याच्या कागदात गुंडाळून आणो, त्याचा हात तेथेच धरा.

— एक शाळामास्तर